समिती कोणाची, सही कोणाची

विदर्भातल्या कोणत्याही मध्यम गावाच्या ग्रामपंचायतीत समित्यांची रजिस्टरं काढून पाहावीत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. शाळा व्यवस्थापन समिती. तंटामुक्त गाव समिती. रेशनची दक्षता समिती. जैवविविधता व्यवस्थापन समिती. ग्राम बाल संरक्षण समिती. गावाला जंगल लागून असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि वन हक्क समिती, पोकरा या सरकारी शेती योजनेत गाव असेल तर ग्राम कृषी संजीवनी समिती. प्रत्येकीमागे एखादा कायदा किंवा शासन निर्णय आहे. रजिस्टर प्रत्येकीचं वेगळं, नावं मात्र बरीचशी तीच. सरपंच, उपसरपंच, अंगणवाडीताई, आशाताई, दोन प्रतिष्ठित नागरिक, आणि महिला सदस्य म्हणून त्यांच्याच घरातल्या कोणी. यातल्या किती समित्यांची बैठक गावानं बोलावली, असं विचारलं की ग्रामसेवकही थांबून विचार करतो.

माणसं एकत्र येण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. सभा, समिती, मंडळ, संघ, संघटना, संस्था, गट, महासंघ, आघाडी, युती. यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक करार आहे. बैठक कोण बोलावणार, पैशावर सही कोणाची, पदावर बसलेल्याला खाली कोण उतरवणार, हे त्या शब्दानं कबूल केलेलं असतं. सरकार, पक्ष, बँका आणि कंपन्या हे शब्द हवे तसे वापरतात, तेव्हा नुकसान गावकऱ्याच्या अधिकाराचं होतं. एकत्र येणाऱ्यांनी आपलं नाव स्वतः ठरवावं, आणि त्या नावानं जे कबूल केलं आहे ते वसूल करावं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे साठीच्या पुढच्या शेतकऱ्याला ‘फेडरेशन’ म्हटलं की कापूस आठवतो. १९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि आपला कापूस पणन महासंघालाच विकणं शेतकऱ्याला बंधनकारक झालं. संकलन केंद्राबाहेर बैलबंड्यांच्या रांगा, ग्रेडरनं ठरवलेली प्रत, आणि मग चुकाऱ्याची, म्हणजे मालाच्या पैशाची, वाट पाहणं. ‘फेडरेशनले माल देला, चुकारा याचा हाय,’ हे किराणा दुकानदाराला सांगायचं नेहमीचं वाक्य होतं. सहकाराच्या कायद्यात फेडरेशन म्हणजे संस्थांची संस्था. गावोगावच्या संस्था तिच्या सभासद, त्यांचे प्रतिनिधी वर. नावाप्रमाणे ती कापूस पिकवणाऱ्यांची होती. पण ‘आमचं फेडरेशन’ असं कोणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ते ‘फेडरेशनवाले’ होते, जसे तहसीलवाले किंवा लाइटवाले. त्या योजनेनं व्यापाऱ्याच्या मनमानीपासून काही काळ आडोसा दिला, हे नाकारता येणार नाही. गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यापुढे उभं राहताना आजही अनेकांना तिची आठवण होते. तरीही शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला या एकाधिकाराविरुद्ध आंदोलन करावं लागलं. शेतकऱ्यांची संघटना एका बाजूला आणि शेतकऱ्यांचाच महासंघ दुसऱ्या बाजूला, असं हे चित्र होतं. यातल्या एका शब्दात शेतकरी खरोखर होता, दुसऱ्यात फक्त त्याचा माल होता.

याच विदर्भानं फेडरेशन या शब्दाचा दुसरा अर्थही पाहिला आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे अनुसूचित जातींचा स्वतःचा पक्ष, स्थापन झालं. त्याच अधिवेशनाला जोडून दलित महिलांची परिषद भरली आणि अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. ज्यांना गावच्या चावडीवर बसायला जागा नव्हती ती माणसं नागपूरला गेली आणि ठराव करून परतली. जुनी मंडळी ‘आम्ही फेडरेशनचे’ असं छाती काढून सांगत. १९५७ मध्ये त्याची जागा रिपब्लिकन पक्षानं घेतली, तीही नागपुरातच, आणि पुढे पक्षाच्या नावामागे कंसात नेत्यांची नावं आणि ‘गट’ हा शब्द चिकटत गेला. फेडरेशनपासून गटापर्यंतच्या या उतरणीनं किती माणसांची उमेद खचली, ते आमच्या वस्त्यांमधून फिरणाऱ्याला विचारावं.

‘सोसायटी’चं तसंच झालं. शहरात सोसायटी म्हणजे इमारत, गावात सोसायटी म्हणजे पीककर्ज. पूर्ण नाव विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, पण ते फक्त पाटीवर. या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा. इतकी जुनी ही व्यवस्था, आणि तिच्या सभासदाला वर्षातून काय करावं लागतं? मार्चअखेर नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज कागदावर भरून नवं उचलायचं, आणि पाच वर्षांनी कोणत्या तरी पॅनलला मत द्यायचं. कर्जातून कापून घेतलेला शेअर हा आपला मालकी हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांच्या, सोसायट्यांना पैसा पुरवणाऱ्या मध्यवर्ती सहकारी बँका डबघाईला आल्या, तेव्हा हजारो सभासदांचं पीककर्ज अडलं. पण ‘माझी बँक बुडाली’ असं म्हणणारा शेतकरी विरळा. तो म्हणाला, ‘कर्ज भेटत नाही.’ मालक असलेल्या माणसाच्या तोंडी गिऱ्हाईकाची भाषा आली होती.

आता सरकारी कागदात सभासद हा शब्दच मागे पडला आहे. त्याची जागा ‘लाभार्थी’नं घेतली. सभासद सभेत बसतो, प्रश्न विचारतो, मत देतो. लाभार्थ्याचं नाव यादीत असतं, आणि नाव गळू नये म्हणून तो गप्प राहतो. एकत्र आलेल्या माणसांना लाभार्थ्यांचा गट म्हटलं की त्यांच्यापुढचं काम एकच उरतं, अनुदानाची वाट पाहणं. या बदलाकडे कोणत्याही पक्षाचं लक्ष नाही, आणि मला ही आपल्या काळातली मोठी गळती वाटते.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘गट’ या शब्दानं घातला आहे आणि तो गोंधळ बायांच्या अंगावर आला आहे. बचत गट म्हणजे दहा ते वीस बाया, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आणि त्याच पैशातून एकमेकींना कर्ज. कोणाला द्यायचं, किती द्यायचं, हे त्याच ठरवतात. व्याज गटातच राहतं. महिला आर्थिक विकास महामंडळानं आणि २०११ पासून राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीच्या उमेद अभियानानं ही रचना गावोगाव नेली. गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. उमेदच्या कागदात ‘समूह’ लिहितात, बाया ‘गट’च म्हणतात. या गटांनी काय केलं ते मी पाहिलं आहे. नवऱ्याचं नाव सांगायलाही लाजणारी बाई बँकेच्या मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसते. दारूबंदीच्या ठरावासाठी हात वर करणाऱ्या बाया बहुतेक या गटांमधूनच पुढे आल्या.

याच गावात मायक्रोफायनान्स कंपनी येते आणि तीही ‘गट’ करते. पाच-दहा बायांना एकत्र बसवायचं, प्रत्येकीला कर्ज द्यायचं, आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा अशी हमी सगळ्यांकडून घ्यायची. पैसा कंपनीचा, व्याज कंपनीला, बैठकीचा दिवस आणि वेळ वसुलीला येणाऱ्या पोराची. इथे बचत नाही, ठराव नाही, निर्णयही नाही. बाई मात्र दोन्हीकडे तेच म्हणते: ‘आज माह्या गटाचा हप्ता हाय.’ शब्द एकच असल्यामुळे तिला वाटतं, हाही आपलाच गट. पुढच्या महिन्यात शेजारणीचा हप्ता चुकतो, आणि काल जिच्यासोबत निंदणाला गेली तिच्याच दारात हिला अंधार पडेपर्यंत बसावं लागतं. सगळ्यांचे पैसे येईपर्यंत कंपनीचा माणूस उठत नाही. एकमेकींना आधार द्यायला जमलेल्या बाया एकमेकींवर पहारा ठेवायला लागतात.

विदर्भातल्या घरांमध्ये पैसा येतो तो दिवाळीनंतर, कापूस वेचून विकल्यावर, किंवा सोयाबीन निघाल्यावर. हप्ता मात्र दर आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला. श्रावणात वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी असते आणि घरात दमडी नसते, तेव्हा हा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि हप्त्याचा काळ कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठरवायची सोय असली पाहिजे. कापसाच्या घराचं महिन्याचं उत्पन्न काढतात कसं, हे मला कोणत्याही वसुलीवाल्यानं आजवर सांगितलेलं नाही. माझी मागणी आहे की या कर्जांच्या कागदांवर ‘गट’ हा शब्द वापरायला बंदी घालावी. त्याला ‘जामीनदार मंडळी’ म्हणा. सही करताना बाईला पहिल्या ओळीतच कळेल की ती कोणात सामील होत नाही, ती दुसरीला जामीन राहते आहे.

शेतकरी उत्पादक कंपनीबद्दल थोडक्यात. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ही रचना आली आणि २०२० मध्ये केंद्रानं दहा हजार उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आणली. गावात ‘कंपनीवाले’ म्हणजे बियाण्याचे किंवा विम्याचे लोक, त्यामुळे आपलीच कंपनी हे मनात रुजायला वेळ लागतो. पण शब्दाला माझा विरोध नाही, कारण कायदा चांगला आहे. दहा शेतकरी मिळून ती काढू शकतात, शेअर कितीही असोत व्यक्तीला मत एकच, आणि सर्वसाधारण सभेला किमान एक चतुर्थांश सभासद हजर असावे लागतात. हे पाळणाऱ्या कंपन्या आहेत. दुसऱ्याही आहेत. त्यांच्यात संचालक एकाच घरातले, गोदाम एकाच्या वावरात, आणि सभासदाला शेअरचं प्रमाणपत्र कसं दिसतं तेही माहीत नाही. अशी कंपनी खासगीच असते, अनुदानापुरती ती शेतकऱ्यांची होते.

सभा आणि समिती यांचं नातं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सभेत प्रत्येक जण हक्कानं बसतो. समिती सभेनं सोपवलेलं काम करते आणि सभेला हिशोब देते. आमच्याकडे हे नातं उलटं झालं आहे. समिती वरून येते, आणि सभेनं तिच्या नावावर शिक्का मारायचा. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातली कमी असेल ती संख्या पुरते. कोरम झाला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची गरजच नाही. या वाटेनं वर्षभराचे निर्णय चार-दोन माणसांच्या सह्यांवर निघतात. संयुक्त वन व्यवस्थापन समितीत अध्यक्ष गावाचा आणि सचिव वनखात्याचा. बैठकीच्या नोंदीचं प्रोसिडिंग बुक कोणाच्या कपाटात असतं, ते जंगलालगतच्या गावकऱ्याला सांगायला नको.

हे असंच असावं लागतं असं नाही, हे याच विदर्भानं दाखवलं आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार,’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते, बहुमतानं नाही. सहमती झाली नाही तर विषय पुढच्या बैठकीत. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथे अभ्यास गट चालले. त्या गटाचं काम माहिती मिळवणं आणि चर्चा करणं. निर्णय ग्रामसभेचाच. ‘गट’ हा शब्द इतक्या नेमकेपणानं वापरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. वन हक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि त्यासाठी केंद्रीय वनमंत्र्यांना गावात यावं लागलं. २०१३ मध्ये गावानं ग्रामदान स्वीकारलं, म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे दिली. प्रत्येक वेळी सही ग्रामसभेची होती.

त्याच जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. तेंदू आणि बांबूचे व्यवहार, कागदपत्रं, हिशोब यांत ती गावांना मदत करते. जंगलावरचा हक्क मात्र प्रत्येक गावाच्या ग्रामसभेकडेच राहतो. कापसाच्या महासंघाशी ही तुलना करून पाहावी. दोन्ही नावांत ‘महा’ आहे. एकात गावाचा माल वर गेला आणि निर्णयही वर गेला. दुसऱ्यात गावं वर एकत्र बसतात आणि निर्णय खालीच राहतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो. सगळं ग्रामसभेवर सोपवा म्हणणाऱ्यानं ग्रामसभेत कोण बोलतं ते पाहिलं आहे का? समोर बसतात ते मोठ्या वाड्याचे. बौद्धवाड्यातला माणूस मागे उभा राहतो. बाया आल्या तर दारापाशी. भूमिहीन मजूर त्या दिवशी कामावर असतो. सहमतीच्या नावाखाली गरिबाचं तोंड बंद होतं, हा अनुभव पूर्व विदर्भातल्या आदिवासी गावापेक्षा वऱ्हाडातल्या अनेक जातींच्या गावात जास्त खरा आहे. मेंढ्याचं सूत्र यवतमाळच्या किंवा अकोल्याच्या गावावर जसंच्या तसं ठेवता येणार नाही, हे मला मान्य आहे.

म्हणूनच वेगळ्या संघटनेची गरज संपत नाही. १९४२ चं फेडरेशन वेगळं होतं, कारण सर्वांच्या सभेत त्या माणसांना जागा नव्हती. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं आणि शेतकरी महिला आघाडी उभी राहिली. विदर्भातल्या बाया शिदोरी बांधून तिथे गेल्या होत्या. संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात पुढे गावागावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन लावून दिली. तेव्हा ‘आघाडी’ म्हणजे पुढे होऊन लढणारी माणसं होती. आज आघाडी आणि युती हे शब्द जागावाटपासाठी उरले आहेत. निवडणुकीआधी कोण आघाडीत आणि निकालानंतर कोण युतीत, हे सांगता सांगता माणसं थकली. गावातल्या पोरांना संघटना म्हटलं की मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरचं चिन्ह आठवतं, याचं मला दुःख होतं.

दुर्बळ माणसाला बोलायचं बळ संघटनेतून येतं, आणि ते बळ घेऊन तो सभेत हक्कानं बसतो. एकीमुळे दुसरी टिकते. म्हणून ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचा नियम मला मोलाचा वाटतो, आणि तो कागदावर उरकला जातो याची चीड येते. वन हक्क नियमांत ग्रामसभेला निम्मी उपस्थिती आणि त्यात एक तृतीयांश बाया हव्यात. साध्या ग्रामसभेला हीच अट का नसावी? पंधरा टक्क्यांची सभा गावाच्या नावानं बोलू शकते, हे मानायला मी तयार नाही.

नव्या योजनेसाठी नवी समिती काढणं शासनानं थांबवावं. आरोग्य, पाणी, पोषण, रेशन, बालसंरक्षण यांची कामं ग्रामसभेनं निवडलेल्या मोजक्या समित्यांकडे द्यावीत, त्यांचे सचिव गावातलेच असावेत, आणि दर तीन महिन्यांनी हिशोब सभेत मोठ्यानं वाचला जावा. कायद्यानं जिथे स्वतंत्र समिती सांगितली आहे, जसं शिक्षण हक्क कायद्यात तीन चतुर्थांश पालक असलेली शाळा व्यवस्थापन समिती, तिथे पालकांनी बैठकीची मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. मुख्याध्यापक बोलावतील तेव्हा जाऊन सही करणं एवढंच पालकांचं काम नाही.

सभासदांनी सुरुवात करायला सप्टेंबर चांगला महिना आहे. सोसायटीला आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि तिची नोटीस पिंपळाच्या झाडाला किंवा सोसायटीच्या दाराला लागून जाते. ती या वर्षी वाचावी. ताळेबंद मागावा, ऑडिटमध्ये कोणता वर्ग मिळाला ते विचारावं, थकबाकीदारांच्या यादीत संचालकांची नावं आहेत का ते पाहावं. उत्तर मिळालं नाही तर ‘प्रश्न विचारला, उत्तर मिळालं नाही’ असं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यावं, आणि ते लिहिल्याशिवाय हजेरीवर सही करू नये.